कपाटानं पुढे सरकावं

वहिनीची मुलाखत अकरा वाजता होती, आणि सासूबाईंचं सागवानी कपाट नेमकं त्याच सकाळी खाली उतरवायचं तिच्या नवऱ्यानं, म्हणजे पंडितांनी, ठरवलं होतं.

"आजच?" वहिनीनं विचारलं. दातांत केसांच्या पिना धरल्या होत्या, म्हणून प्रश्न एका शब्दात आटोपला.

"अगं, अर्ध्या तासाचं काम. तुला काय करायचंय? तू तुझं आवर. माणसं उचलतील, मी बघेन."

"तुम्ही बघणार, त्याचीच तर धास्ती आहे."

पंडित हे त्यांचं आडनाव नव्हतं, गल्लीनं बहाल केलेली पदवी होती. ते औषधांच्या दुकानात काम करत. औषधाच्या खोक्यात घडी घालून कोंबलेला पातळ कागद आपण सगळे न वाचता फेकतो. पंडित तो वाचत. एकाच गोळीविषयी सतरा मुलखांच्या भाषांत लिहिलेलं असे, आणि त्यातून त्यांनी जगभरचे बारके बारके शब्द वेचले होते. मोठा शब्द त्यांना एकाही परक्या भाषेत येत नव्हता, वाक्य तर लांबच. पण ‘हो’, ‘नको’, ‘काय’, ‘पण’ हे कुठल्याही भाषेत विचारा, तयार. आणि विचारलं नाही तरी तयार. माहिती असणं हा काही गुन्हा नाही. समोरच्याचे दोन्ही हात ओझ्याखाली अडकलेले असताना ती त्याच्या कानात ओतणं हा गुन्हा आहे, आणि त्याला कुठल्याच कायद्यात शिक्षा नाही.

वहिनी ही सगळ्या गल्लीची वहिनी होती. पण एके काळी धक्क्यावरच्या प्रवासी शेडमध्ये तिला ‘आवाजबाई’ म्हणत. कोणती बोट कधी सुटणार, रांग कुठे लावायची, हे भोंग्यातून सांगायचं तिचं काम. मुलगा झाला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "थोडे दिवस घरी राहा." थोडे दिवस म्हणता म्हणता मुलाला मिशा फुटल्या, तो परगावी शिकायला गेला, सासूबाई देवाघरी गेल्या आणि त्यांचं कपाट तेवढं मागे राहिलं. बायकांना ‘थोडे दिवस’ थांबायला सांगणाऱ्यांकडे ते दिवस परत मागता येत नाहीत, मागितले तर बाई तोंडाळ ठरते. आता शेडमधली तीच जागा रिकामी झाली होती. एकच जागा, आणि आज हुकली तर पुन्हा निघेपर्यंत वहिनीच्या आवाजाला कवळीची सोबत असती.

कपाट जायचं होतं नणंदेकडे. तिचं घर धक्क्याच्या पलीकडे. "आईची आठवण," असं ती म्हणाली होती. आई होती तोवर आठवण आली नव्हती, पण ते असो.

मुकादम आला. ठेंगणा, रुंद, दारातून आत येताना किंचित तिरपा होणारा माणूस. त्यालाच कुणी उचलून न्यायला यावं असा. बरोबर तीन गडी. तिघंही कधीतरी बोटीतून आले आणि इथेच राहिले. एक ग्रीक, त्याला सगळे लंबू म्हणत. एक तुर्क, त्याचं नाव मिशाळ पडलं होतं, आणि मिशा बघता दुसरं नाव पडणं शक्यच नव्हतं. तिसरा हंगेरीचा. तो कधी बोलत नसे, म्हणून गप्प्या. तिघांच्या तीन भाषा, एकमेकींशी सोयरिक नसलेल्या. आपसात ते इथलीच भाषा बोलत, मोडकी पण बिनचूक पोचणारी.

"साहेब, माझा एक नियम आहे," मुकादम बाह्या सरसावत म्हणाला. "माल हातात असताना बोलणार मी एकटा. आणि मी पण एकच शब्द बोलणार. ‘ने’. ‘ने’ म्हटलं की एक पायरी. परत ‘ने’, परत एक पायरी. बाकी कुणी खोकायचं पण नाही."

"आणि थांबायचं असेल तर?" पंडितांनी विचारलं.

"मग मी गप्प बसतो."

"अशीपण माणसं असतात म्हणजे," वहिनी आरशात बघून म्हणाली.

कपाट निघालं. खरंच सुरेख निघालं. लंबू आणि गप्प्या वरच्या बाजूला, मुकादम आणि मिशाळ खालच्या बाजूला. "ने." एक पायरी. "ने." दुसरी पायरी. जिना जुना आणि चिंचोळा होता, दोन्ही बाजूंना भिंती. पण ते अवजड धूड त्यातून असं उतरत होतं, की जणू त्याला स्वतःचेच पाय फुटले होते. वहिनी दारात उभी राहून बघत होती. तिला वाटलं, उगाच घाबरलो.

दुसऱ्या मजल्याच्या रुंद जागेवर मुकादम गप्प बसला. कपाट टेकलं. गड्यांनी घाम पुसला. आणि पंडित पाण्याची बाटली घेऊन पुढे सरसावले.

"एक गंमत सांगू?"

"नको," मुकादम म्हणाला.

"दोन मिनिटं हो. लंबू, तुमच्या भाषेत ‘ने’ म्हणजे काय?"

लंबूनं बाटली तोंडापासून दूर केली. हा शब्द त्यानं इतक्या वर्षांत या दृष्टीनं बघितलाच नव्हता. "‘ने’?" तो म्हणाला. "अरेच्चा. ‘ने’ म्हणजे ‘हो’."

"बघा! आणि मिशाळ, तुमच्याकडे?"

"काय."

"‘ने’ म्हणजे?"

"काय."

"अहो, मी तेच विचारतोय."

"मी पण तेच सांगतोय! ‘ने’ म्हणजे ‘काय’! आम्ही विचारतो ना, काय झालं, काय पाहिजे, ते ‘काय’!"

लंबू हसायला लागला. मिशाळही हसला. पंडितांचा चेहरा लग्नघरातल्या समईसारखा उजळला. "आणि आता आमचे गप्पे. गप्पे, तुमच्याकडे कुणाला ‘ने’ म्हटलं तर?"

गप्प्यानं कपाटाकडे बघितलं, मग मुकादमाकडे, आणि बऱ्याच काळानं तोंड उघडलं. "नको," तो म्हणाला. "करू नको."

"म्हणजे मी इतकी वर्षं ह्याला ‘करू नको’ म्हणतोय आणि हा करतोय?" मुकादम म्हणाला.

"हीच तर गंमत!" पंडित टाळी देण्यासाठी हात पुढे करून उभे होते. ती टाळी मुकादमानं घेतली नाही.

त्याला भीती वाटली होती ती बरोबर होती. या तिघांनी त्या एका शब्दावर तिजोऱ्या उतरवल्या होत्या, न्हाव्याच्या खुर्च्या चढवल्या होत्या, एकदा तर पियानो वाजवणाऱ्या म्हातारीसकट पियानो हलवला होता. तो शब्द त्यांच्यासाठी दोरखंड होता. धरायचा आणि जोर लावायचा. दोरखंडाला कुणी ‘तुझा अर्थ काय’ म्हणून विचारत नाही. पंडितांनी विचारला आणि दोरखंडाची सुतळी झाली.

"चला, उचला," मुकादम म्हणाला. पुढचा जिना अर्ध्यावर वळत होता. बरोब्बर त्या वळणावर कपाट आलं आणि तो म्हणाला, "ने!"

लंबूला ऐकू आलं ‘हो’, आणि तो उत्साहानं दोन पायऱ्या उतरला. गप्प्याला ऐकू आलं ‘करू नको’, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो सांगितल्याप्रमाणे थांबला. मिशाळानं मान वर करून विचारलं, "काय?" कपाट दारुड्यासारखं गरगरलं, त्याची वरची नक्षी उतरत्या छतात रुतली, खालचा पाय कोपऱ्यात घुसला, आणि एक मोठा ‘कर्र’ आवाज होऊन जिना बंद झाला. पूर्ण बंद. इकडून तिकडे मांजरसुद्धा गेलं नसतं.

लंबू आणि गप्प्या वर अडकले. मुकादम आणि मिशाळ खाली. कपाट मध्ये. पंडित पाणी परत भरायला खाली गेले होते, म्हणून तेही खालीच.

"घाबरू नका," मुकादम ओरडला. "शब्द बदलू. आता मी म्हणणार ‘दे’. ‘दे’ म्हटलं की धक्का."

कपाटाच्या पलीकडून पंडितांचा आवाज आला. "चालेल. फक्त एक लक्षात असू द्या—"

"अहो!" वरून वहिनी ओरडली. "लक्षात नका असू देऊ!"

"—‘दे’ म्हणजे तुर्कीत ‘बोल’, हंगेरियनमध्ये ‘पण’ आणि ग्रीकमध्ये ‘नाही’च्या जवळपासचं काहीतरी."

"दे!" मुकादम गरजला.

"काय बोलू?" मिशाळ म्हणाला.

"पण..." गप्प्या वरून म्हणाला.

लंबूनं नुसतीच मान हलवली, आणि ती कुणालाच दिसली नाही.

"मरू दे ते. ‘हा’! ‘हा’ला तर काही अर्थ नसेल? श्वासच आहे नुसता!"

पंडित गप्प बसले. खरंच बसले. पण गप्प बसण्याची त्यांची एक पद्धत होती, तिच्यात ऐकणाऱ्याला जास्त त्रास होई.

"सांगा," मुकादम कपाळावर हात मारून म्हणाला. "सांगून टाका एकदाचं."

"हंगेरियनमध्ये ‘हा’ म्हणजे ‘जर’."

"जर? जर काय?"

"ते मला माहीत नाही. मला ‘जर’ एवढंच येतं."

तेवढ्यात रस्त्यावरून काकू वर आल्या. काकू म्हणजे वहिनीच्या समोरच्या घरातल्या. मंद आचेवर दूध ठेवून, दाराला कुलूप लावून, साखर आणायला कोपऱ्यावर गेल्या होत्या. त्यांनी कपाट बघितलं.

"हे आणि काय?"

"अडकलंय," पंडित म्हणाले.

"ते दिसतंय मला. माझं दूध आहे वर!"

"काकू, चावी वर फेका," वहिनी पलीकडून म्हणाली, "मी बंद करते गॅस."

सूचना चांगली होती. काकूंनी साखरेची पिशवी मिशाळाच्या हातात दिली, पदर खोचला आणि कपाटाच्या वरच्या फटीतून चावी फेकली. ती वर गेली, छताला लागली आणि कपाटाच्या डोक्यावर, नक्षीच्या मागे जाऊन पडली. तिथे ना वरच्यांचा हात पोचत होता, ना खालच्यांचा. जिन्यात दूध उतू गेल्याचा पहिला वास आला.

"तुमच्या सासूनं जिवंतपणी छळलं ते पुरलं नाही," काकू म्हणाल्या, "आता कपाट पाठवलंय."

धक्क्यावरून भोंगा वाजला. साडेदहा. कडक इस्त्रीचे कपडे, हातात पर्स, केसांत एकूण एक पिन जागच्या जागी, आणि वहिनी एका सागवानी भिंतीसमोर उभी. नोकरी पहिल्यांदा गेली तेव्हा निदान एक माणूस आडवं आलं होतं. आता त्या माणसाचं कपाट आडवं आलं होतं.

"मुकादम," ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका शांत होता, की पंडित खाली दोन पायऱ्या मागे सरकले. "कपाटाची दारं माझ्या बाजूला आहेत. पाठ तुमच्या बाजूला. पाठीची फळी काढा. मी कपाटातून पलीकडे येते."

मुकादमानं क्षणभर विचार केला. "वहिनी, तुम्ही आमच्याकडे कामाला या."

त्यानं पेचकस काढला. वरचे स्क्रू निघाले. खालचे भिंतीच्या कोपऱ्यात दडलेले, तिथे पेचकस शिरेना. फळी वरून वीतभर वाकली आणि हटून बसली. "आत तर या," तो म्हणाला. "तुम्ही आतून ढकला, मी बाहेरून ओढतो."

लंबूनं दार उघडून धरलं. वहिनी चपला हातात घेऊन आत शिरली. आत डांबराच्या गोळ्यांचा वास होता आणि सासूबाईंचा हँगर अजून दांडीला लटकत होता. तिनं फळी ढकलली. कपाट जरासं हललं, लंबूचा हात निसटला, दार मिटलं आणि जुन्या कुलपानं खट् केलं.

"उघड!"

"कपाटाची चावी?" लंबू म्हणाला.

खालच्या सगळ्यांनी पंडितांकडे बघितलं. पंडितांनी खिसा चाचपला. चावी तिथे होती. खालच्या बाजूला. भोक वरच्या बाजूला होतं.

"फेका," मिशाळ म्हणाला.

"खबरदार कुणी काही फेकलं तर!" काकू आणि वहिनी एकाच वेळी ओरडल्या.

मग बराच गोंगाट झाला. मुकादम पंडितांवर ओरडला, काकू मुकादमावर, लंबू आणि मिशाळ कपाटाच्या आरपार एकमेकांवर, आणि पंडित म्हणत राहिले की शास्त्रशुद्ध विचार केला तर चूक कुणाचीच नाही. चूक करणाऱ्या माणसाला नेहमी असंच दिसतं.

आत अंधार होता. वरच्या फटीतून मुकादमाच्या कपाळाची एक पट्टी दिसत होती. वहिनी घामाघूम होऊन उभी राहिली आणि हळूहळू तिच्या लक्षात आलं, की ही जागा ओळखीची आहे. शेडमधली तिची खोली अशीच होती. एवढीच रुंद, अशीच लाकडी, असाच बंद वास. तिथे ती दार लावून घ्यायची, बटण दाबायची, आणि बाहेरची सगळी बोंबाबोंब तिच्या एका वाक्यासाठी थांबायची. तिनं घसा खाकरला. मुलाखत तर हुकलीच, निदान आवाज शिल्लक आहे का बघू, असं काहीसं तिच्या मनात आलं. डोळे मिटून, छाती भरून, जुन्या सवयीच्या ठेक्यात ती बोलली:

"प्रवाशांनी आपापलं सामान उचलावं... आणि पुढे सरकावं."

जिन्यातली भांडणं तोंडातच राहिली. मग वहिनीच्या पायाखालची फळी उचलली गेली. कपाट कर्र करून छतातून सुटलं, सरळ झालं आणि एक पायरी खाली उतरलं. चारही कोपरे एकदम. अलगद.

"कुणी उचललं?" मुकादमानं घाबरून विचारलं. त्याचे स्वतःचे हात कपाटाखाली होते.

"हा आवाज..." मिशाळ म्हणाला. त्याच्या मिशा थरथरत होत्या. "मी बोटीतून उतरलो, तेव्हा हा आवाज होता."

"माझ्या वेळी पण," वरून लंबू म्हणाला. "मला एक शब्द कळत नव्हता. मला वाटलं सरकारच बोलतंय. सगळे पेट्या उचलून पुढे जायचे, मग मी पण जायचो."

गप्प्यानं कपाटाला खांदा लावला. मग म्हणाला, "माझी इथली पहिली रांग."

"तुमचं ठीक आहे," मुकादम म्हणाला. "मी इथलाच. मी कधी बोटीत बसलो नाही. मी का उचललं?"

"म्हणजे बघा, यात अर्थाचा भाग शून्य आहे," पंडित पुढे येत म्हणाले, "ध्वनी आणि संस्कार—"

"अहो," कपाट म्हणालं.

"हां?"

"तुम्ही एक शब्द जरी बोललात, तर मी इथून बाहेर येणार नाही. इथेच राहीन आणि तुमच्या बहिणीकडे राहायला जाईन."

पंडित भिंतीला चिकटले.

"सामान उचलावं," कपाट म्हणालं, "आणि पुढे सरकावं." एक पायरी. "पुढे सरकावं." आणखी एक. पहिल्या मजल्याच्या रुंद जागेवर काकूंनी लंबूकडून कपाटाच्या डोक्यावरची चावी काढून घेतली आणि बाजूनं अंग चोरून वर धावल्या. थोड्या वेळानं वरून त्यांचा आवाज आला. दुधाची काही खैर नव्हती, पातेल्याचीही नव्हती, पंडितांच्या सात पिढ्यांची तर नव्हतीच.

कपाट रस्त्यावर आलं. कुलूप उघडलं. वहिनी बाहेर आली तेव्हा तिच्या केसांत कोळिष्टक होतं आणि कपड्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास. पण चेहरा असा होता, की रस्त्यावरच्या दोन अनोळखी माणसांनी उगाचच बाजूला होऊन वाट दिली.

"हातगाडी धक्क्यावरूनच जायची आहे," मुकादम म्हणाला. "चढा वहिनी, सोडतो."

"मी चालत जाईन. तुम्ही मागून या. आणि ह्यांना गाडीच्या मागे ठेवा, तुमच्या जवळ नको."

तरी पोचायला उशीर झालाच. शेडमधले साहेब वयानं तरुण, घड्याळाकडे बघून बोलणारे. त्यांनी वहिनीकडे बघितलं, मग कोळिष्टकाकडे बघितलं.

"तुम्हाला किती भाषा येतात?"

"एक."

"तुमच्या आधीच्या बाईंना पाच येतात. छान येतात. आत्ताच त्यांनी घोषणा करून दाखवली."

"मग लोक उठले?"

साहेबांनी खिडकीतून खाली बघितलं. सकाळची बोट लागून केव्हाची उभी होती, आणि सगळी शेड आपापल्या पेट्या-बोचक्यांवर बसून होती. साहेबांच्या आवाजात पहिल्यांदाच जरा माणूस आला. "उठतात हो. पण पाचवी भाषा संपेपर्यंत पहिल्या भाषेवाले परत बसतात."

"मला बटण दाखवा," वहिनी म्हणाली.

"अहो पण बाई, इथे मुलखामुलखाचे लोक. एका भाषेत तुम्ही—"

"साहेब, मी सकाळपासून एका माणसाचं अर्थाविषयी ऐकतेय. आज आणखी नको. बटण."

घाबरलेला माणूस काय करतो? बटण दाखवतो. वहिनीनं दार लावून घेतलं, डोळे मिटले आणि छाती भरून म्हणाली:

"प्रवाशांनी आपापलं सामान उचलावं... आणि पुढे सरकावं."

शेड उठली. बोचकी डोक्यावर गेली, पेट्या हातात आल्या, लेकरं कडेवर चढली, आणि कुणालाही काही न विचारता रांग बोटीकडे सरकायला लागली. साहेब खिडकीला नाक लावून उभे राहिले. पाच भाषांवाली बाई दाराशी थांबली होती. तिनंही नकळत आपली पर्स उचलली होती.

"उद्यापासून या," साहेब म्हणाले. मग त्यांचा स्वर बदलला. "ते काय आहे?"

वहिनीनं खिडकीतून बघितलं. फाटकाबाहेर एक हातगाडी रिकामी उभी होती. आणि रांगेत, एक म्हातारा आणि एक सायकलवाला यांच्या मधोमध, एक सागवानी कपाट पुढे सरकत होतं. चारही कोपरे एकदम. अलगद. मुकादमाचा चेहरा झोपेत चालणाऱ्यासारखा होता. खलाशानं कपाटाकडे बघितलं, बोट भरायची घाई होती, त्यानं हातानंच ‘या या’ केलं. कपाट फळीवरून चढलं आणि डेकवर जाऊन टेकलं. त्याच्या मागोमाग पंडित धावत चढले, आणि खलाशाचा शर्ट धरून त्याला काहीतरी जीव तोडून समजावू लागले. खलाशी कुठल्या मुलखाचा होता कोण जाणे. पंडितांनी बोटं नाचवून त्याला एक छोटासा शब्द सांगितला, मग दुसरा, मग तिसरा. तिसऱ्याला खलाशाचा चेहरा खुलला. त्यानंही एक शब्द सांगितला. पंडितांचा चेहरा त्याहून खुलला, आणि दोघं कपाटाला टेकून बसले.

मुकादम आणि तिघे गडी भानावर येऊन फळीवरून परत उड्या टाकत उतरले. शेवटचा गप्प्या. तो काठावरून वळला आणि जीव खाऊन ओरडला, "ने! ने!"

पण बोटीचा भोंगा वाजला, आणि बोट सुटली.

साहेब वहिनीकडे बघत होते. वहिनी बोटीकडे बघत होती. कपाट लहान होत चाललं होतं, आणि त्याला टेकलेला ठिपका हातवारे करत होता.

"बाई, मी म्हटलं उद्यापासून—"

"आजपासून," वहिनी म्हणाली, आणि तिनं बटण दाबलं.

"सर्व संबंधितांनी लक्ष द्यावं," आवाजबाईचा आवाज पाण्यावरून दूरवर गेला. "सकाळच्या बोटीनं एक सागवानी कपाट आणि त्यासोबत एक गृहस्थ चुकून रवाना झाले आहेत. दोघंही संध्याकाळच्या बोटीनं परत येतील. कपाट जपून हाताळावं. गृहस्थांना कुणी काही विचारू नये."